स्वस्त घरांच्या वसाहतीत सामाईक परसबाग: ती टिकवायची कशी?

प्रश्न: कळंबा रस्ता

नमस्कार. आम्ही ७२ कुटुंबे मिळून कोल्हापूर शहराच्या दक्षिणेला, कळंब्याच्या बाजूस, ४८ गुंठे जमीन घेत आहोत. आमच्यापैकी बहुतेक जण शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्रीत कामाला आहेत, काही रिक्षाचालक आहेत आणि आठ-दहा घरे केवळ शिवणकामावर चालतात. प्रत्येकाला साधारण ३० चौरस मीटर चटई क्षेत्राचे घर मिळावे आणि त्याचा हप्ता सध्याच्या घरभाड्याच्या फार वर जाऊ नये, या दोन अटींवर आम्ही एकत्र आलो. पंतप्रधान आवास योजनेतून मिळणारे अनुदान हिशेबात धरूनही हात आखडताच आहे.

आराखड्यात मोकळी जागा म्हणून १० टक्के क्षेत्र सोडावे लागणार आहे, म्हणजे पावणेपाच गुंठ्यांच्या आसपास. या जागेचे काय करावे यावरून गेल्या तीन बैठकांत आमची चर्चा पुढे सरकलेली नाही. आमच्यातील बहुतेकांचे आईवडील राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडून आलेले असल्याने घरामागे वाफा असावा ही ओढ सर्वांनाच आहे, विशेषतः घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना. म्हणून तेथे सामाईक परसबाग करावी, उरलेल्या जागेत मुलांना खेळू द्यावे आणि एक कट्टा बांधावा, असा एक प्रस्ताव आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की बाग हे मोठ्या बंगल्यांचे कौतुक आहे, दोन वर्षांत तेथे गाजरगवत माजेल आणि पाच वर्षांत पत्र्याचा हॉल उभा राहील.

मला दुसऱ्या बाजूचे म्हणणे पटत नाही, परंतु ते खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही. बागेमुळे घर आम्हाला महाग पडेल का, ती जागा कायम मोकळी राहील याची खात्री कागदावर कशी करून घ्यावी, आणि प्रत्यक्ष अशी बाग चालवलेल्या कोणाचा काय अनुभव आहे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

उत्तर: निवृत्त अभियंता, राजारामपुरी

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. २०२० मध्ये राज्यासाठी लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण ४० गुंठे किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर मांडणी करताना १० टक्के मनोरंजनात्मक मोकळी जागा सोडावीच लागते. आपण महापालिकेच्या हद्दीत असा किंवा विकास प्राधिकरणाच्या गावांत, नियम तोच आहे. तेव्हा ती जागा आपण बागेसाठी ‘देत’ नाही. ती कोणत्याही परिस्थितीत सुटणारच आहे. घराच्या किमतीवर तिचा भार आधीच पडलेला आहे आणि प्रश्न एवढाच आहे की, ज्याचे पैसे आपण मोजलेच आहेत, त्याचा उपयोग कोणी आणि कसा करायचा. मातीवर आणि कुंपणावर होणारा खर्च एकूण बांधकामाच्या तुलनेत किरकोळ असतो.

दुसरा प्रश्न मात्र कठीण आहे आणि माझ्या नोकरीच्या काळात मी त्यावरूनच सर्वांत जास्त भांडणे पाहिली. नियमानुसार ही जागा नाममात्र किमतीने रहिवाशांच्या संस्थेकडे यावयास हवी. प्रत्यक्षात मंजूर नकाशावर हिरव्या रंगात दाखवलेली जागा अनेक वर्षे मूळ मालकाच्याच नावावर राहते, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर संस्थेचे नाव चढत नाही, आणि मग मालकाची पुढची पिढी ती जागा आपलीच समजू लागते. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे मालकाने टाळाटाळ केली तरी जमीन संस्थेच्या नावे करून घेण्याची, तरतूद आहे हे खरे, पण तो मार्ग घरे ताब्यात आल्यानंतर धावाधाव करणाऱ्यांसाठी आहे. आपली जमीन अजून खरेदी व्हायची आहे. आपण ती थेट संस्थेच्याच नावे घ्यावी.

यात एक बारकावा आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे जे प्रकार आहेत त्यांपैकी भाडेकरू सहभागीदारी प्रकारात जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची असतात व सभासदाला घर वापरण्याचा हक्क मिळतो. आपल्यासारख्या गटाला हा प्रकार योग्य वाटतो, कारण मोकळ्या जागेचा एखादा तुकडा कोणाच्या वाट्याला आला असा दावाच पुढे करता येत नाही. नोंदणीच्या वेळी उपविधीत मोकळ्या जागेच्या वापराचे कलम घालून घ्या आणि मंजूर नकाशाची प्रत त्याला जोडा. सर्वसाधारण सभेच्या ठरावावर विसंबू नका, कारण आज ७२ जणांनी केलेला ठराव उद्या त्यातलेच ४० जण फिरवू शकतात.

ओघाने एक सांगतो. मोठ्या मांडणीत दुर्बल घटकांसाठी २० टक्के घरे राखण्याची जी सक्ती या नियमावलीत आहे, ती १० लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरती आहे. कोल्हापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेपाच लाखांच्या जवळपास होती. त्यामुळे येथे स्वस्त घर आपसूक कोणी बांधून ठेवील अशी आशा नको. आपण स्वतः गट केलात हे उत्तम झाले.

उत्तर: वाफेवाली, फुलेवाडी

दादा, आमच्या ३६ घरांच्या संस्थेत परसबाग आहे. ती एकदा बुडाली आणि दुसऱ्यांदा चालली, म्हणून दोन्ही अनुभव सांगते.

पहिल्या वर्षी आम्ही सर्वांनी मिळून सर्व लावले. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाले. मेथी आणि पोकळा उत्तम आला, पण पाणी घालायला रोज त्याच तीन बायका आणि काढायला मात्र सगळी इमारत, असे महिनाभरातच झाले. ‘बारभाईंची खेती, काय लागेल हाती’ ही म्हण लहानपणी ऐकली होती, तिचा अर्थ तेव्हा कळला. पाणी घालणाऱ्या तिघींपैकी एकीने रागाने सोडले, मग दुसरीने, आणि गणपतीपर्यंत खरोखरच तेथे गुडघाभर तण वाढले होते. आपल्या बैठकीतील विरोधक जे सांगतात ते खोटे नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही जागेचे दोन भाग केले. निम्म्या भागात चार फूट रुंद आणि दहा फूट लांब असे वाफे पाडले आणि प्रत्येक वाफ्याला एका घराचा क्रमांक दिला. चार फूटच का, तर दोन्ही बाजूंनी हात घातला की मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. ज्याचा वाफा त्याची भाजी. दोन महिने वाफा पडून राहिला तर तो यादीतील पुढच्या घराला जातो, मग ते घर अध्यक्षांचे असो. वाफ्यामागे महिन्याला ३० रुपये घेतो आणि त्यातून खत, झारी, पाईप भागतो. उरलेला निम्मा भाग सर्वांचा आहे, तेथे कढीपत्ता, लिंबू, शेवगा आणि बसायला कट्टा आहे. गंमत अशी की, वाफे घरोघरी वाटले गेल्यावर सामाईक भागाचीही निगा आपोआप होऊ लागली. रोज संध्याकाळी दहा-पंधरा बायका तेथे असतात, मग कचरा टाकायला कोणी धजावत नाही आणि मुलांवरही लक्ष राहते.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. चाळीस चौरस फुटांत बाजार बंद होत नाही. कोथिंबीर, मिरची, पालक, शेपू, चाकवत यांची रोजची गरज बरीचशी भागते, इतकेच. पावसाळ्यात तर पालेभाजीचा नाद सोडावा. जुलैच्या तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात ती कुजतेच. त्या दिवसांत आम्ही अळू, हळद आणि मांडवावर दोडका, कारले, घेवडा घेतो. वाफे जमिनीपासून फूटभर उंच असावेत. गोगलगाईंचा उपद्रव भयंकर आहे. त्यांच्यावर मीठ टाकले तर माती खराब होते, म्हणून रात्री बॅटरी घेऊन त्या वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. हे काम मुले आनंदाने करतात.

पाण्याचे सांगायचे तर एप्रिलच्या मध्यानंतर आमची बोअर ओढ देते. तेव्हापासून मृगापर्यंत आम्ही वाफे रिकामे ठेवतो, वर पालापाचोळा पसरतो आणि फक्त झाडे जगवतो. पिण्याच्या पाण्यावरून शेजाऱ्यांशी भांडण होण्यापेक्षा दोन महिने भाजी विकत आणलेली परवडते.

उत्तर: दुचाकी ७२

मी मुद्दाम विरोधी बाजू मांडतो. ७२ घरे म्हणजे किमान ७० मोटरसायकली आल्या, आणि प्रत्येक घरात लग्न, बारसे, उत्तरकार्य येणार. ३० चौरस मीटरच्या घरात पाहुणे बसवायचे कोठे? कार्यालयाचे भाडे आमच्यासारख्याला परवडत नाही. त्या जागेत साधा हॉल बांधला तर तो प्रत्येक घराच्या उपयोगी पडेल, वाफा मात्र ज्याला आवड आहे त्याच्याच. गरिबाच्या घराला भाजीपेक्षा छप्पर अधिक लागते, हे बाग सुचवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

उत्तर: निवृत्त अभियंता, राजारामपुरी

वरील सभासदांची गरज खरी आहे, पण मोकळी जागा त्यासाठी वापरता येणार नाही. वाहनतळाचे क्षेत्र नियमानुसार वेगळे दाखवावे लागते आणि ते मोकळ्या जागेत मोजले जात नाही. मोकळ्या जागेच्या अल्पशा भागावरच पूरक बांधकामाला मुभा असते. तेव्हा मोठ्या हॉलचा विचार असेल तर तो इमारतीच्या तळमजल्यावर आताच दाखवा.

उत्तर: आरेखन, ताराबाई पार्क

मी वास्तुरचनेच्या क्षेत्रात काम करते. वाफेवाली ताईंनी जे अनुभवातून सांगितले, तेच आमच्या अभ्यासात दुसऱ्या वाटेने येते: मोकळ्या जागेचा आकार किती आहे यापेक्षा तिच्याभोवती किती घरांचे दरवाजे आहेत यावर ती टिकते की नाही हे ठरते.

याचे आपल्याच राज्यातील उदाहरण म्हणजे नवी मुंबईतील बेलापूरची वसाहत, जी चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात अल्प आणि मध्यम उत्पन्न गटांसाठी आखली. तेथे सात घरे एका ८ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती आहेत, अशा तीन गटांची २१ घरे मिळून १२ मीटरच्या मोठ्या अंगणाभोवती येतात आणि तशाच क्रमाने पुढे सबंध वसाहतीची मोठी मोकळी जागा तयार होते. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे सर्वांत गरीब आणि सर्वांत सधन कुटुंबाच्या जागेतील फरक दुपटीहूनही कमी. एवढे अंगण सोडूनही दर हेक्टरी सुमारे ५०० माणसांची घनता तेथे साधली गेली. तेव्हा मोकळी जागा सोडली की घरे कमी होतात हा समज उंच इमारतींच्याच चष्म्यातून आलेला आहे. पुढे तेथील अनेक मूळ घरे पाडून लोकांनी मोठी बांधली, हे मान्य करावेच लागेल. अंगणे मात्र राहिली. सात घरांनी वेढलेल्या अंगणावर अतिक्रमण करायचे म्हणजे सहा शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत करायचे, आणि ते सोपे नसते.

तुमचे पावणेपाच गुंठे जर वास्तुविशारदाने भूखंडाच्या मागच्या कोपऱ्यात, संरक्षक भिंतीला लागून दाखवले असतील, तर ते आजच बदलून घ्या. मागचा कोपरा म्हणजे उरलेली जागा, आणि उरलेल्या जागेला कोणी वाली नसतो. ती मध्यभागी हवी, जिन्याच्या तोंडाशी हवी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायला हवी. वाफे दक्षिणेकडील उन्हात ठेवा, कारण तीन-चार मजली इमारतीच्या उत्तरेला हिवाळ्यात, म्हणजे पालेभाजीच्या ऐन हंगामात, सावली पडते. मुलांची जागा आणि वाफे यांच्यामध्ये कट्टा ठेवा. चेंडू त्याला अडतो आणि बसणाऱ्याला दोन्हीकडे पाहता येते.

घरे विरुद्ध बाग हा वाद परदेशातही झालेला आहे आणि तो पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्कमध्ये लोकांनी पडीक जागांवर बागा केल्या होत्या, त्यांपैकी ११४ बागांच्या जमिनी शहराने १९९९ मध्ये लिलावात काढायचे ठरवले. दोन संस्थांनी पैसे उभे करून त्या वाचवल्या. बागा करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे घाम गाळला होता, पण जमीन त्यांच्या नावावर नव्हती. याउलट बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात १९८४ पासून डडली स्ट्रीटच्या रहिवाशांनी संघटना बांधली, पडीक जमीन सामाईक न्यासाकडे घेतली आणि त्याच जमिनीवर परवडणारी घरे, खेळाची मैदाने, बागा आणि सुमारे १०,००० चौरस फुटांचे हरितगृह उभे केले. तेथे घर विकता येते, पण ठरवून दिलेल्या मर्यादेतील किमतीलाच, आणि जमीन न्यासाकडेच राहते. घर आणि बाग एकमेकांच्या विरोधात उभी राहिली नाहीत, कारण दोन्हींच्या खालची जमीन एकाच हातात होती. अभियंता काकांनी सुचवलेला सहभागीदारीचा प्रकार आपल्याकडील कायद्यात त्याच्या सर्वांत जवळ जातो, असे मला वाटते.

उत्तर: तांबडी माती

मातीबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. बांधकामानंतर ‘बाग करा’ म्हणून जी जागा तुमच्या ताब्यात येते, ती बहुधा मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे ढेकळ आणि वर चार इंच मातीचा मुलामा अशी असते. तेथे गवत येईल, वांगे येणार नाही. पायाखोदाई सुरू होण्यापूर्वीच वरची फूटभर कसदार माती वेगळी काढून बाजूला ढीग करून ठेवण्याची अट ठेकेदाराच्या करारात घाला. ताईंच्या मापाचे चाळीस वाफे फूटभर उंचीने भरायचे तर हिशेबाने १६ ब्रास माती लागते. ती नंतर विकत आणायची म्हटले तर काय भाव पडतो ते चौकशी केल्यावर कळेल.

जमिनीवर पूर्वी काय होते हेही विचारून घ्या. ऊस असेल तर उत्तम. वर्कशॉप, बॅटरीचे भंगार किंवा फौंड्रीतील जळकी वाळू टाकण्याची जागा असेल तर सावध राहा, कारण शिसे आणि कॅडमियम यांसारखे जड धातू पालेभाज्यांत चढतात, फळभाज्यांत त्या मानाने कमी. मृद आरोग्य पत्रिकेसाठी जी १२ घटकांची तपासणी होते त्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये असतात. शिसे त्यात नसते. ती तपासणी वेगळी मागावी लागते. फौंड्रीत काम करणाऱ्यांनी कामाचे कपडे बागेच्या नळावर धुऊ नयेत, हेही त्यातच आले.

पाण्याचा ढोबळ अंदाज देतो. उन्हाळ्यात भाजीला चौरस मीटरमागे रोज चार-पाच लिटर पाणी लागते. चाळीस वाफ्यांचे क्षेत्र सुमारे १५० चौरस मीटर, म्हणजे रोजचे ६०० ते ७५० लिटर. शहरात वर्षाला साधारण एक हजार मिलिमीटर पाऊस धरला तर ९०० चौरस मीटरच्या गच्चीवरून सात लाख लिटर पाणी सहज वाहून जाते, पण ते साठवण्याएवढी टाकी तुम्हाला परवडणार नाही. ते गाळून बोअरच्या पुनर्भरणाला सोडा. ताईंची बोअर एप्रिलमध्ये ओढ देते, तुमची कदाचित मेपर्यंत जाईल.

उत्तर: उत्तरेश्वर पेठ

आपली जमीन पूररेषेबाहेर आहे याची खात्री नकाशावर करून घ्या, एवढेच सांगायचे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिल्यानंतर स्वस्त जमीन स्वस्त का आहे हा प्रश्न पहिला विचारावा. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी असते, हे आमच्या पेठेतील पोरांनाही पाठ आहे. नदी आणि नकाशावरील निळी पूररेषा यांच्यामध्ये घरे बांधता येत नाहीत, बाग आणि मैदान मात्र चालते. आमच्याकडे घरे भिंतीला भिंत लागून आहेत आणि वाफ्याला वीतभर जागा नाही. नदीकाठच्या त्या रिकाम्या पट्ट्यात दिवाळी ते मे असे सात महिने पेठेतील लोकांना वाफे मिळाले, तर एकही घर न हलवता काम होईल. पावसाळ्यात नदी स्वतःच गाळ टाकून जाते. तेथेही सांडपाण्याचा नाला कोठे मिळतो ते पाहूनच जागा निवडावी लागेल.

प्रश्नकर्ता: कळंबा रस्ता

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. ही उत्तरे छापून कालच्या बैठकीत मोठ्याने वाचली. हॉलचा मुद्दा मांडणारे सभासद आमच्यातीलच आहेत हे तेव्हा कळले, आणि त्यांचे म्हणणे मान्य करून तळमजल्यावर दोन गाळ्यांएवढी जागा कार्यासाठी ठेवायचे ठरले. त्यामुळे त्यांचा बागेला असलेला विरोध बराच मावळला.

जमीन संस्थेच्या नावे, सहभागीदारी प्रकारात. मोकळी जागा मागच्या कोपऱ्यातच दाखवलेली होती. ती दोन इमारतींच्या मध्ये आणून नवा नकाशा करायला सांगितला आहे. चाळीस वाफे बसतात, मधल्या वाटा धरून पावणेतीन गुंठे त्यात जातात आणि दोन गुंठे मुलांसाठी व कट्ट्यासाठी उरतात. बहात्तर घरांत वाफे चाळीसच असल्याने चिठ्ठ्या टाकायच्या, वाफा दोन वर्षांसाठी द्यायचा आणि ज्यांना मिळाला नाही त्यांची नावे यादीत वर ठेवायची. तळमजल्यावर राहणाऱ्या वृद्धांना चिठ्ठीविना वाफा द्यावा की नाही यावर एकमत झालेले नाही.

जमिनीवर गेल्या वर्षापर्यंत ऊस होता, असे शेजारच्या शेतकऱ्यांनी सांगितले. पायाखोदाईला अजून अवकाश आहे. तरी रविवारी आम्ही पाच-सहा जण जाऊन फक्की मारून मातीच्या ढिगाची जागा आखून आलो, आणि ठेकेदाराच्या माणसाला ती दाखवून ठेवली. त्याने विचारले, येथे काय येणार आहे? आमच्यातील एका आजींनी सांगितले, आधी माती, मग बघू.